मशीनमध्ये नाव नाही

कापलेल्या भाताचा वास मला सहन होत नाही. आशागडसारख्या गावात राहून असं बोलायचं म्हणजे लोकांना आपल्यावर हसायची आयती संधी द्यायची, आणि ते हसतातही. मी शाळेत कारकून आहे. आमचे एक सर दर वर्षी न चुकता म्हणतात, "मॅडम, लोक या वासावर कविता करतात!" करोत बापडे. दसरा उलटला, दुपारचं ऊन पाठीत बोचायला लागलं आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना पिवळं भात आडवं पडलं, की मी नाकावर ओढणी बांधूनच स्कूटर काढते. वास तसा चांगला असतो. ओलसर, गोडूस, थोडा दुधाळ. पण माझ्या नाकात त्याच्यामागून दुसरा वास शिरतो, घशाला चरचरणारा. तो बाहेर कुठेही नसतो हे मला चांगलं कळतं. तरीसुद्धा चारोटीच्या फाट्यापर्यंत मी अर्धाच श्वास घेते.

यंदा भात कापायच्या आधीच सिझन घरात आला, तोही केतकीच्या मोबाईलवरून. केतकी माझी मुलगी. डहाणूला कॉलेजात जाते, दिवाळीच्या सुट्टीत काहीतरी करायचं म्हणून महिनाभर मैत्रिणींशी कुजबुजत होती. परवा जेवताना तिनं फोन माझ्यापुढे धरला. ‘दिवाळी सिझनसाठी मुली पाहिजेत. ताशी पगार. जेवण फ्री. हायवे, तलासरी रोड. स्वतःचा फोटो पाठवा.’ खाली हॉटेलचं नाव होतं. नव्या हॉलचं चित्र होतं, काचेच्या भिंतींचं.

"फोटो कशाला हवा त्यांना?" मी विचारलं.

"हजेरीला, आई. मशीनसमोर चेहरा धरला की हजेरी लागते. तुला नाही कळायचं ते."

मला नाही कळायचं! त्या हॉटेलात पहिलं मशीन आलं तेव्हा ते माझ्याच ताब्यात होतं. केतकी तेव्हा बालवाडीत जायची, म्हणून तिला आठवत नाही. आणि मी घरात कधी बोलले नाही.

तिला ‘नको जाऊस’ म्हणायचं तर कारण सांगायला हवं, आणि कारण सांगायचं तर सगळंच सांगायला हवं. त्यात मी कुठे उभी होते हेसुद्धा.

माझे वडील रेल्वेत होते. डहाणू रोडच्या क्वार्टरमध्ये मी वाढले, तिथे घरातला दिवस गाड्यांच्या वेळेवर चालायचा आणि ड्युटी या शब्दाला देवाइतका मान होता. ड्युटी लागली म्हणजे लागली, सुटली म्हणजे सुटली. मधला प्रकार असतो हे मला हायवेवर गेल्यावर कळलं. लग्न होऊन आशागडला आले, बी.ए. होऊन घरात बसले होते, म्हणून त्या सिझनला हॉटेलात लागले. हॉटेल म्हणजे राहायचं नव्हे. मुंबईहून गुजरातकडे जाणाऱ्या बस थांबायच्या, वीस मिनिटांत शंभर माणसं उतरायची, फाफडा, वडापाव, चहा आणि संडास एवढं उरकून निघून जायची. मग तासभर कुणी नाही. भल्यामोठ्या हॉलमध्ये नुसते पंखे आणि माश्या.

हॉल रिकामा झाला की मॅनेजर टाळी वाजवून म्हणायचा, "चला, बसा." बसा म्हणजे आराम करा असं नव्हे. बसा म्हणजे मशीनसमोर जा, चेहरा दाखवा, ‘आऊट’ करा आणि मागे पाण्याच्या टाकीजवळच्या पत्र्याखाली जाऊन बसा. घरी जायचं नाही, कारण बस केव्हाही येईल. बस आली की हॉर्न. हॉर्न झाला की सगळ्या बाया पदर खोचत धावत यायच्या, पुन्हा मशीनसमोर रांग, पुन्हा चेहरा, ‘टिंग’, इन. सकाळी सातला आलेली बाई संध्याकाळी सातला निघायची आणि मशीन म्हणायचं, सात तास. बाकीचे पाच तास कुठे गेले असं कुणी विचारलं नाही. ते पत्र्याखाली गेले. ऑक्टोबरच्या उन्हात तो पत्रा इतका तापायचा की खाली बसलेल्या बायांच्या बोलण्यातसुद्धा धाप लागलेली असायची.

मी त्या बायांची ‘मॅडम’ होते. पगार माझाही ताशीच होता, पण माझ्याकडे त्या मशीनचा, म्हणजे भिंतीवरच्या टॅबलेटचा, पासवर्ड होता आणि बसायला एक स्टूल. एवढ्यानं माणूस किती बदलतं ते मी स्वतःवरून सांगते. दिवसभरात त्या बायांना हॉलमध्ये कुठे टेकायची परवानगी नव्हती. गिऱ्हाइकांचे संडास धुवायचे, पण वापरायचे नाहीत. म्हणून त्या पाणीच पीत नसत. मला ते दिसायचं आणि मी स्टुलावर बसून राहायचे.

जमनी संडासावर होती. तलासरीकडच्या एका पाड्यावरून टमटमनं यायची. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, अंगानं काटक, आवाज असा की टाकीजवळ हसली तर काउंटरवर ऐकू यावं. मशीनला तिचा चेहरा ओळखता यायचा नाही. सकाळी शेतात कापणी करून ती तशीच कामावर यायची, भुवयांवर भाताचा भुसा असायचा, आणि स्वयंपाकघराच्या दारातल्या त्या अंधुक उजेडात मशीन नुसतं गोल फिरत बसायचं.

"ह्याला माझा तोंड आवडत नाय, बाय," ती म्हणायची.

"पूस जरा, घाम पूस."

"पुसून काय व्हणार? मी तीच हाय कं नाय?" असं म्हणून ती मशीनला जीभ काढून दाखवायची. मागच्या बाया फिदीफिदी हसायच्या. मग कधीतरी ‘टिंग’ व्हायचं. तोवर दहा मिनिटं गेलेली असायची, ती तिचीच.

त्या सिझनला आमच्याकडे जमीन हलत होती. डहाणू-तलासरीकडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. आधी खालून गुरगुर यायची, मोठा ट्रक दारात उभा राहून धडधडावा तशी. मग फडताळातली भांडी बोलायला लागायची. पाड्यांवर लोक अंगणात झोपत होते, भिंतींना चिरा होत्या, आणि दिवसा सगळे असे वागत होते की काही झालंच नाही. हॉटेलात चहाचे काचेचे पेले एका लांब फळीवर उलटे मांडलेले असायचे. ते किणकिणले की आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघायचो आणि मोजायचो. चार-पाच आकड्यांत थांबलं तर काम पुढे चालू. पहिल्यांदा मोठा धक्का बसला तेव्हा आम्ही धावत बाहेर पटांगणात गेलो होतो. मॅनेजरही आमच्यासोबत पळाला होता. पाच मिनिटांनी सावरल्यावर त्यानं पहिला प्रश्न विचारला, "बाहेर येताना आऊट केलं का सगळ्यांनी?"

त्याच्या डोक्यावरही कॅमेरा होता, कुठेतरी लांब बसलेला मालक फोनवर आमचा हॉल बघत असे. मॅनेजर माणूस वाईट नव्हता, असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आले. हल्ली म्हणायचं सोडलंय.

त्याचा एक लाडका शब्द होता, ‘सिझननंतर’. पत्र्याखाली पंखा? सिझननंतर. संडास धुणाऱ्यांना हातमोजे? सिझननंतर. जिन्याखाली एक खोली होती, खोली कसली, फडताळच. एक माणूस कसाबसा वळेल एवढी, खिडकी नाही. तिथे झाडू, फिनेल, संडासाचं ॲसिड आणि ब्लीचचं पाणी ठेवायचे. मोठ्या कॅनमधून आणायचे आणि थंड पेयाच्या रिकाम्या बाटल्यांत भरायचे. कशावर काही लिहिलेलं नाही. जमनी बाटलीचं बूच उघडून लांबून वास घ्यायची आणि सांगायची कोणती कशाची. वाघबारस जवळ आली होती, पाड्यावर वाघोबाला नारळ द्यायची तयारी चालली होती. त्या गडबडीत ती मला एकदा म्हणाली, "वाघाचं आम्ही बघतो, बाय. तुमच्या ह्या बाटल्यांचं तुम्ही बघा." मी मॅनेजरला सांगितलं. तो काय म्हणाला ते लिहायला नकोच.

आता त्या बायांच्या एका चालीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्यांच्या पाड्यावर कापणी कुणी एकट्यानं करत नाही. आज सगळे तुझ्या शेतावर, उद्या माझ्या, परवा तिच्या. कुणाचा किती दिवस झाला ते लिहून ठेवत नाहीत आणि विसरतही नाहीत. आपली पाळी आली की माणसं आपोआप बांधावर उभी असतात, बोलवायला जावं लागत नाही. बोलवणं म्हणजे अपमान, दोघांचाही. हीच रीत त्यांनी हॉटेलात आणली होती. एकीच्या घरी पाहुणे, पोर आजारी, भात भिजतंय, असं काही असलं की ती निघून जायची आणि दुसरी तिच्या जागी उभी राहायची. मशीनला काही सांगायचं नाही. इन केलेला चेहरा एकीचा, झाडू दुसरीच्या हातात. चार दिवसांनी उलट. त्यांच्या लेखी यात लपवाछपवी नव्हतीच, काम होतंय ना? मला ठाऊक होतं. मी काणाडोळा करायचे आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घ्यायचे, की बघा, मी किती चांगली मॅडम आहे.

वाघबारशीच्या दिवशी शेवंतीची सातची पाळी होती. शेवंती जमनीची शेजारीण, अबोल बाई, भांड्यांवर असायची. त्या आठवड्यात तिला संडासावर घातलं होतं. तिचं भात कापून शेतात पडलेलं होतं, भारे बांधायचे बाकी. दुपारी तीनच्या सुमारास जव्हारच्या अंगानं आभाळ काळं झालं. परतीचा पाऊस कापलेल्या भाताला सोडत नाही. भिजत पडून राहिलं की दाण्याला मोड येतात. शेवंती मागच्या दारात उभी राहून आभाळाकडे बघत होती, हातातल्या फडक्यातून पाणी गळत होतं. त्या दिवशी जमनीची पाळी संध्याकाळी पाचला होती, पण ती टमटम मिळाली म्हणून लवकर येऊन पत्र्याखाली बसली होती.

"जा गो," ती शेवंतीला म्हणाली. "भात घरात घे. मी हाय."

शेवंतीनं माझ्याकडे पाहिलं. मी टॅबलेटकडे पाहिलं. ती गेली. वारा सुटला होता, हायवेवर कागद आणि पिशव्या उडत होत्या, आणि दिवसाढवळ्या ट्रकवाल्यांनी दिवे लावले होते.

चारच्या पुढे-मागे खालून गुरगुर आली. फळीवरचे पेले वाजायला लागले. मी मोजलं. सहा, सात, आठ. एक पेला फळीवरून खाली पडला आणि फुटला. मग जिन्याखालून धडधड असा आवाज आला, बाटल्या पडल्याचा. त्याच वेळी बाहेर दोन बस एकापाठोपाठ आत वळल्या आणि हॉर्न झाले.

सगळ्यात आधी वास आला. तोवर असा वास मी घेतलेला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं. जिन्याखालच्या दारातून फरशीवर पाण्याचा ओघळ बाहेर येत होता, वर बारीक फेस. ॲसिड आणि ब्लीच एकत्र झालं की विषारी वायू होतो, हे मला नंतर कळलं.

मॅनेजर धावत आला. "जमनी, पटकन पुसून घे. गिऱ्हाईक उतरतंय."

"साहेब, वास लय बेकार हाय," जमनी म्हणाली. पहिल्यांदा मी तिचा आवाज हळू ऐकला.

"दोन मिनिटांचं काम आहे. जा." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आणि तो दरवाजा ओढून घ्या. हॉलमध्ये वास आला तर लोक परत गाडीत चढतील."

जमनीनं पदर नाकाला लावला, बादली घेतली आणि आत वाकली. दरवाजा मी ओढला.

कडी लावली नाही मी, नुसता ओढला. हे वाक्य मी किती वर्षं स्वतःला सांगतेय त्याला गणती नाही. ते खरं आहे आणि त्यानं काही फरक पडत नाही. आत जायला सांगितलेली बाई दार उघडं आहे म्हणून काम अर्धवट टाकून बाहेर येत नाही, ही त्या हॉटेलाची शिकवण होती आणि ती शिकवण्यात माझाही हात होता. मी काउंटरवर गेले. टोकन दिली, सुट्टे दिले, "फाफडा गरम आहे का" याला हो म्हटलं. आतून खोकला ऐकू येत होता. मग ठसका. मग बादली पडल्यासारखा आवाज. एका गिऱ्हाइकानं विचारलं, "कोण खोकतंय एवढं?" मी म्हटलं, "धूळ आहे ना, कापणीची." तेव्हा मला काय वाटलं म्हणून मी असं बोलले, ते आजही सांगता येत नाही.

ती गुडघ्यांवर रांगत बाहेर आली. डोळे लाल, तोंडातून लाळ, श्वास घेताना गळ्यात शिट्टी वाजत होती. बसमधली माणसं बाजूला झाली.

मॅनेजरच्या गाडीत मागच्या सीटवर तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. बाहेर पाऊस कोसळत होता. मला एवढंच वाटत होतं की शेवंतीचं भात घरात गेलं असेल. मॅनेजर आरशातून माझ्याकडे बघत हळूच बोलला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "मॅडम, मशीनमध्ये ही आऊट आहे. आत शेवंती आहे. मग शेवंती कुठे आहे? हे कुणी चालू दिलं?" धमकी द्यायची गरजच नव्हती.

सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी तिला मास्क लावला आणि कागद पुढे ओढून विचारलं, "हे कामावर असताना झालं का?"

मॅनेजरनं माझ्याकडे पाहिलं. जमनीनंही पाहिलं, मास्कच्या वरून, त्या लाल डोळ्यांनी. हो म्हणायला एक अक्षर पुरत होतं. मी म्हटलं, "मशीनमध्ये नाव नाही."

डॉक्टरांनी ते तसंच लिहून घेतलं. त्यांचं काय चुकलं? मी खोटं बोलले नव्हते.

दिवाळी झाली आणि मी ते काम सोडलं. पुढे शाळेत लागले, पगार महिन्याचा झाला, दुपारी डबा खायला अर्धा तास मिळायला लागला. जमनी वाचली. पण तिची छाती गेली. पाण्याची कळशी घेऊन चढ चढता येईना. त्या आवाजाचं काय झालं ते सांगवत नाही. हसायला लागली की मध्येच तुटतं, आणि मग ती हात वर करून ‘थांब’ अशी खूण करते, म्हणून समोरचा माणूस तिला हसवायचंच टाळतो. हॉटेलवाल्यांनी तिच्या घरच्यांना सांगितलं, ती त्या वेळी कामावर नव्हती, स्वतःहून आत गेली, आमचा संबंध नाही. पुरावा म्हणून मशीन होतं. त्यात शेवंती कामावर दिसत होती आणि तेच त्यांच्या सोयीचं होतं, म्हणून तिला कुणी काही विचारलं नाही. आणि माझं वाक्य होतं.

दर दिवाळीला मी फराळाचा डबा घेऊन तिच्याकडे जाते. दर वर्षी ती चहा करते, केतकी केवढी झाली विचारते, आणि मी उठून येते. त्या दिवसाविषयी ती एकदाही बोललेली नाही. मी समजून चालले होते की तिनं मला माफ केलं. अशी सोयीची समजूत माणसाला फार लवकर पटते. गेल्या वर्षी तिनं कोंबड्यांना दाणे टाकता टाकता एवढंच सांगितलं, "ती मजुरांचं बघणारी बाई आलती पाड्यावर. म्हणं, कोण व्हतं तिथं त्यानं लिहून दिलं, तर पुढं काय ते बघता येल." आणि लगेच कोंबडीला हाकलायला लागली. मी चहा संपवला. डबा रिकामा करून घेतला. पूर्ण एक वर्ष मी ते न ऐकल्यासारखं केलं.

काल रविवार होता. मी केतकीला म्हटलं, चल, एका ठिकाणी जायचंय. तिनं फोटो आधीच पाठवून दिला होता, उत्तराची वाट बघत दर पाच मिनिटांनी फोन बघत होती. पाड्याच्या खालच्या अंगाला जमनीच्या शेतात दहा-बारा विळे चालले होते. भात कापल्याचा तो चरचर आवाज लांबूनच येत होता. मी ओढणी बांधली नाही. जमनी बांधावर सावलीला बसून पेंढ्याचे बंध वळत होती, भारे बांधायचे.

केतकी तिच्या शेजारी बसली. शहाण्यासारखा प्रश्न विचारला, "मावशी, तुम्ही कापायला जाऊ शकत नाही, मग हे सगळे तुमच्याकडे कसे येतात? तुम्ही त्यांचा दिवस कसा फेडता?"

"बंध वळते की," जमनी म्हणाली. तिला एवढ्या बोलण्यालाही थांबावं लागलं. "सगळ्या पाड्याचे. मीच."

शेतात सगळ्यांच्या पुढे शेवंती होती. तिचं स्वतःचं भात अजून उभं होतं. जमनीनं सांगितलं, दर वर्षी शेवंती पहिला विळा इथे लावते, मग आपल्याकडे जाते. कुणी सांगितलेलं नाही तिला. ती अजून त्याच हॉटेलात आहे, रविवारची सुट्टी मागून आली होती.

मी तिथे बांधावर उभी होते आणि मला एकदम कळलं की जमनीनं मला माफबिफ काही केलेलं नाही. ती वाट बघत होती. पाळी माझी होती आणि ती मला बोलवायला येणार नव्हती, कारण तशी रीत नाही. एवढी वर्षं मी फराळाचा डबा घेऊन शेतापर्यंत यायचे आणि कापणी न करता परत जायचे.

पिशवीत शाळेचे रेघांचे कागद होते. मांडीवर वही घेऊन मी लिहायला बसले. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचून दाखवलं, "वाघबारशीच्या दिवशी दुपारी जमनी कामावर होती. ती दुसरीच्या जागी काम करत होती आणि ते मला माहीत होतं. बाटल्या सांडल्यावर तिला आत जायला सांगितलं. दरवाजा मी ओढून घेतला. दवाखान्यात मी हे सांगितलं नाही."

केतकीनं मान वर केली आणि माझ्याकडे बघत राहिली. तिनं असं याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि आता ती पुन्हा पहिल्यासारखी बघणार नाही हे मला समजलं.

जमनीनं विचारलं, "दुसरी म्हंजे? शेवंतीचं नाव घातलंस कं?"

"अजून नाही. पण घालावं लागेल. मशीनमध्ये तिचा चेहरा आहे. ती तेव्हा कुठे होती, हे विचारणारच."

"मग नको देऊस." तिनं माझ्या हातातल्या कागदावर हात ठेवला. "तिला काढतील. तिचा घरवाला बसून हाय. नको, बाय." धाप लागली म्हणून ती थांबली. "मी म्हणून तर बोलली नाय कुठं."

एवढी वर्षं ती कशासाठी गप्प होती ते मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. माझी तिथे गणतीच नव्हती.

केतकीचा फोन वाजला. ‘टिंग’. तोच आवाज. एवढ्या वर्षांत त्यांनी तोसुद्धा बदललेला नाही. केतकीनं हळूच वाचलं, "चेहरा स्वीकारला. उद्या सकाळी सात." शेतातले विळे थांबले होते. शेवंती कधी बांधाजवळ आली मला दिसलं नाही. तिनं सगळं ऐकलं होतं. डोक्याचं फडकं सोडून तिनं तोंडावरचा भुसा पुसला, विळा बगलेत धरला आणि माझ्यापुढे उकिडवी बसली.

"घाल नाव," ती म्हणाली.

"शेवंती, नको गो..." जमनी म्हणायला गेली आणि तिला ठसका लागला.

शेवंती तिचा ठसका थांबेपर्यंत थांबली. मग कागदावर, जिथे मी ‘दुसरीच्या’ असं लिहिलं होतं, त्या शब्दावर तिनं बोट टेकवलं. तिला वाचता येत नाही. पण जागा बरोबर होती.

"घाल. तो दिवस माझा व्हता."

मी तो शब्द खोडून तिथे तिचं नाव घातलं आणि खाली माझी सही केली. केतकीनं फोन पालथा करून बांधावर ठेवला आणि बंधांचा ढीग उचलून शेतात उतरली. जव्हारच्या अंगानं आभाळ भरून यायला लागलं होतं, अर्धं भात अजून आडवं होतं. शेवंती उठली आणि जिथे सोडलं होतं तिथून पुन्हा कापायला लागली. सोमवारी सातला तिला त्या मशीनसमोर उभं राहायचं होतं.